एकवीस नंबरचा शंख

ऑक्टोबर लागला की आर्डिथ रिकर्टच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"आलं का परत माझ्याच बोकांडी! चाळीस माणसं! अगं, मी काय बाई आहे की खानावळ?" हे ती टपालवालीला ऐकवायची, चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबुवांना ऐकवायची, धान्याच्या कोठारावर कॉफी पीत बसलेल्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना तर दोनदोनदा ऐकवायची. नेब्रास्कातल्या नायोब्रारा नदीकाठच्या त्या टापूत माणसं थोडी आणि अंतरं फार. तरी तिची कुरकुर वीस मैलांवर पोचायची. आणि कुरकुरत कुरकुरतच बाई पीठ मळायला घ्यायची.

स्वयंपाकाचं म्हणाल तर सव्वीस वर्षं ती तिथल्या शाळेत स्वयंपाकीण होती. दर गुरुवारी बीफ आणि राजम्याची चिली, सोबत दालचिनीचे गोड रोल. तिखटाबरोबर गोड कसलं खाता, असं कुणी बाहेरचा म्हणाला, तर नेब्रास्कात त्याला वेड्यात काढतील. पुढे मुलं कमी होत होत सहावर आली आणि शाळेला कुलूप लागलं. सामानाचा लिलाव झाला, त्यात आर्डिथने आपलं चाळीस लिटरचं पातेलं घेतलं. घरात माणसं किती? दोन. ती आणि नवरा लोवेल. पण हाताला चाळिसाचं माप बसलेलं. दोघांपुरती म्हणून केलेली चिली बारा जणांची व्हायची. लोवेल बिचारा नऊ-नऊ दिवस तीच खायचा, वर "छान मुरलीय" म्हणायचा. त्या वर्षी आर्डिथ गप्प गप्प असायची. दुपारी त्या रिकाम्या पातेल्यापाशी नुसती बसून राहायची. मग काय झालं कोण जाणे, तिची कुरकुर परत सुरू झाली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता या चाळीस माणसांचं काय प्रकरण होतं, तेही सांगायला हवं.

शरदात वासरं विकायची वेळ येते. उन्हाळाभर ती खाली नदीच्या कुरणात चरलेली असतात. त्यांना बाजाराला नेणारे मोठे ट्रक त्या चिंचोळ्या चढाच्या रस्त्याने खाली उतरत नाहीत, ते माथ्यावरच थांबतात. मग आजूबाजूचे पाच-सहा शेजारी आपापले पिकअप आणि गुरांचे ट्रेलर घेऊन येतात आणि खेपा करतात. आज तुझी वासरं, उद्या माझी. पैसा कुणी घेत नाही. पण गंमत केल्याशिवाय त्यांच्याने राहवतही नाही. पहिल्या खेपेला प्रत्येकाच्या ट्रेलरमध्ये बारा वासरं भरायची आणि एकेकाने चढ चढायचा. खाली रस्त्यात गुरं अडवायला बसवलेल्या लोखंडी जाळीपासून वरच्या टपालपेटीपर्यंत वेळ मोजायची. मोजणार कोण? डोरीन, शाळेच्या जुन्या मास्तरीणबाई, शाळेच्याच जुन्या घड्याळावर. तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती, कारण झाडून सगळे तिच्या हाताखालून गेलेले. जो सर्वांत सावकाश चढेल, त्याच्या पिकअपच्या मागे वर्षभर गायीची मोठी घंटा लटकणार. आणि येत्या रविवारी चर्च सुटल्यावर बायकापोरांसकट अख्ख्या टोळीला त्याच्या घरी जेवण.

घंटा अकरा वर्षं लोवेलच्या पिकअपला लटकत होती.

लोवेलचा पिकअप एक्क्याण्णव सालचा, डिझेलचा. रंग एके काळी लाल होता म्हणतात. त्याला कुणी हात लावलेला लोवेलला खपत नसे. चढाला लागला की तो आधी काळाकुट्ट धूर ओकायचा, मग कण्हायचा, आणि अर्धा चढ संपल्यावर त्याच्या अंगात वारं भरायचं.

"विचार करून चालतो तो," लोवेल म्हणायचा.

"विचार करता करता झोपतो!" हे वर्लिन हॉस्का. वर्लिन शेजारचा, पन्नाशी उलटलेला सडा माणूस. त्याचा पिकअप कोरा करकरीत आणि तोंड त्याहून करकरीत. "लोवेल, तू निघालास की मला आधी फोन कर. मी तोवर दाढी करून येतो."

लोवेल हसायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. ते लाल कान आर्डिथच्या काळजाला लागायचे. कान लाल म्हणजे नवऱ्याला लागलं, हे तिचं चाळीस वर्षांच्या संसाराचं गणित. त्या सप्टेंबरात तर हद्दच झाली. कोठारावर कॉफी पिताना एका पोरगेल्या पशुखाद्य विक्रेत्याने लोवेलच्या कपाशेजारी लहानशी घंटी आणून ठेवली. "आजोबा, ही घरात लावायला!" सगळे खो खो हसले. लोवेलही हसला. कान मात्र टोमॅटो. आर्डिथ पिठाची पोती घ्यायला आली होती, तिने ते दारातून पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बास," ती गाडीत बसताना स्वतःशीच म्हणाली. "या वर्षी घंटा निघालीच पाहिजे. नाही निघाली तर नावाची आर्डिथ नाही."

लोकांना आर्डिथची पळी ठाऊक होती, पण तिचा पाना विसरले होते. लग्नाआधी ती बापाच्या गॅरेजात वाढलेली. लोवेलच्या पिकअपचं दुखणं तिने कधीच ओळखलं होतं. इंजिनाच्या बाजूला टर्बो असतो. गोगलगायीच्या शंखासारखं बिडाचं कवच, आत पात्यांचं चाक. इंजिनातून निघणारा गरम धूर शंखातून जाताना चाक फिरवतो आणि ते चाक इंजिनात हवा कोंबतं. शंख ऐसपैस असला की धुराचा जोर विखुरतो, चाकाला गती यायला वेळ लागतो. शंख अरुंद असला की तोच धूर कोंडून जोरात सुटतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून बघा, समजेल. लोवेलच्या शंखावर एकवीस आकडा ओतलेला होता. एवढा मोठा शंख म्हणजे आर्डिथच्या मते शुद्ध मूर्खपणा. कुठल्या शहाण्याने बसवला देव जाणे!

तिने व्हॅलेंटाइन गावच्या भंगारवाल्या गसला फोन लावला.

"सोळा नंबरचा शंख हवाय. एक्क्याण्णवच्या पिकअपचा."

"लोवेलला हवाय?"

"लोवेलला कळलं तर तुला माझे रोल जन्मात मिळणार नाहीत."

"कोण लोवेल?" गस म्हणाला. पंचवीस रोलांत सौदा झाला.

पुढच्या आठवड्यात लोवेल आणि वर्लिन दोन दिवस वळूंच्या लिलावाला जायचे होते, वर्लिनच्या गाडीने. आर्डिथने तीन दिवस आधीपासूनच चोरून बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारायला सुरुवात केली. लोवेल न्हाणीत गेला की ही बाई तेलाचा डबा घेऊन पिकअपखाली.

"कसला वास येतोय गं?" लोवेलने एकदा विचारलं.

"तुझ्या नाकाला वय झालंय," ती म्हणाली.

दोघे लिलावाला गेले तशी तिने शेडचं दार ओढून घेतलं, लोवेलचीच जुनी डांगरी चढवली आणि कामाला लागली. हवेच्या नळ्या काढल्या. तेलाची नळी सोडवली. धुराड्याची पट्टी ठोकून मोकळी केली. आता खरी परीक्षा होती टर्बो धरून ठेवणाऱ्या चार नटांची. वीस-बावीस वर्षांची आग खाल्लेले नट, त्यातला एखादा मोडणार म्हणजे मोडणारच. ती गॅसची ज्योत, लांब दांड्याचा पाना आणि ठेवणीतल्या शिव्या अशी जय्यत तयारी करून बसली होती. पाना लावला, श्वास धरला आणि जोर केला.

नट लोण्यातून निघाल्यासारखा फिरला.

"अगं बाई!" ती पान्यासकट मागे भिंतीवर आदळली. दुसराही तसाच निघाला, तिसरा-चौथाही. शंखाचे बोल्टही तसेच. आट्यांवर तांबूस चिकट काहीतरी दिसत होतं. जुनं तेल असेल, ती म्हणाली. खरं तर तिचा बाप असता तर त्याने तिथेच तिचा कान धरला असता. पण काम सोपं होत असलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

खडूने खुणा करून तिने शंख लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू ठोकला. आतल्या पात्याला नखभर जरी खोक पडली तर सगळा टर्बो भंगारात. श्वास रोखून, तान्ह्या पोराच्या डोक्यावरून टोपडं काढावं तसा तिने तो सरळ उपसला. पाती शाबूत. सोळा नंबरचा शंख चढवला, खडूच्या खुणा जुळवल्या, बोल्ट आवळले, टर्बोच्या पोटात आधी तेल ओतलं. कोरडा फिरवला तर मिनिटात जळतो. मग सगळं परत जागेवर.

राहिली एक अडचण. गसने शंख घासूनपुसून चकाचक करून दिला होता. मळकट इंजिनात तो सोन्याच्या दातासारखा चमकत होता. आर्डिथ स्वयंपाकघरात गेली, व्हिनेगर आणि मीठ घेऊन आली आणि शंखाला चांगलं चोळचोळून लावलं. सकाळपर्यंत त्यावर असा झकास गंज चढला की तिला स्वतःलाच स्वतःचं कौतुक वाटलं. शाळेतली पोरं म्हणायची तेच खरं, आर्डिथबाईच्या हाताला चव आहे.

जुना एकवीस नंबरचा शंख लपवायचा कुठे? लोवेल शेडमधला खिळा न् खिळा ओळखतो. स्वयंपाकघरातलं मात्र त्याला मीठसुद्धा सापडत नाही. तिने शंख वर्तमानपत्रात गुंडाळला आणि चाळीस लिटरच्या पातेल्यात ठेवून झाकण लावलं. नाहीतरी या वर्षी पातेलं लागणारच नव्हतं.

मग ती रस्त्यावर जाऊन पिकअप चालवून आली. कोपऱ्यावर पाय दाबला मात्र, पिकअप शीळ घालत असा उधळला की तिची टोपी मागच्या खिडकीवर गेली आणि कोंबड्या रस्ता सोडून पळाल्या. ती घरी आली ती एकटीच हसत.

बुधवारी रिकर्टांची वासरं चढवायची होती. लोवेल पहाटेच घोड्यावरून कळप गोळा करायला गेला. "पिकअप-ट्रेलर मी आणते," आर्डिथ साळसूदपणे म्हणाली. तिने तो अंड्यांची टोपली नेल्यासारखा सांभाळून खाली नेऊन लावला आणि स्वतः डोरीनच्या गाडीने माथ्यावर गेली.

एकेक जण दोन मिनिटांच्या आत चढला. वर्लिन दोन मिनिटं चार सेकंदांत वर आला आणि उतरल्या उतरल्या बडबडायला लागला. "झालं? घंटेला पॉलिश करून ठेवा रे! आर्डिथ, रविवारी माझ्यासाठी रोल जास्त कर. गेल्या वर्षी सहाच मिळाले."

"सहा? आठ खाल्लेस, मेल्या! मी मोजले होते."

खाली लोवेलचा पिकअप जाळीवर आला. नेहमीसारखा त्याने पाय तळाला नेला. धुराचा लोट उठणार म्हणून सगळे आधीच दात काढून तयार होते. धूर आला जेमतेम चहाच्या किटलीएवढा. आणि मग शीळ आली, लांबलचक, चढती शीळ, आणि पिकअप बारा वासरांसकट असा सुटला की वर्लिनच्या हातातली कॉफी त्याच्याच बुटावर सांडली.

"अरे! अरे, हे काय?"

पण अर्ध्या चढावर काहीतरी बिनसलं. शीळ एकदम खाली आली. पिकअप मंदावला. लोवेलने पाय उचलला होता! घाबरला की काय? आर्डिथ टपालपेटीपाशी धावली, गळ्यातला रुमाल सोडून हलवायला लागली, उड्या मारायला लागली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दोन्ही दुखरे. "दाब! लोवेल, दाब की रे! काही होत नाही त्याला! दाब!"

पिकअप क्षणभर तसाच रेंगाळला. मग शीळ परत चढली आणि लोवेल धुरळा उडवत टपालपेटीपुढून गेला.

डोरीनने चष्मा नाकावर सरकवला. "एक मिनिट एकोणपन्नास."

वर्लिन सर्वांत शेवटी ठरला. घंटा त्याच्या कोऱ्या पिकअपला बांधताना त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. सगळे लोवेलच्या पाठीवर थापा मारत होते. लोवेल म्हणत होता, "काय की बुवा, हवा थंड आहे, म्हणून असेल." त्याचे कान लालबुंद. आर्डिथला वाटलं, चला, आज आनंदाने झाले.

रविवारी चर्च सुटल्यावर टोळी वर्लिनकडे गेली. त्याच्याकडे खुर्च्या चार. चिली डब्यातली, तीही तळाला लागलेली. रोल नव्हतेच, खारी बिस्किटं होती. माणसांनी उभ्या उभ्या, कुणी पिकअपच्या फाळक्यावर बसून, चार घास गिळले. कुणाला दूध काढायचं आठवलं, कुणाला झोप आली. अर्ध्या तासात अंगण रिकामं. दर वर्षी हीच माणसं आर्डिथच्या घरी दिवे लागेपर्यंत हलत नसत. पत्ते व्हायचे, भांडणं व्हायची, डोरीन पियानो बडवायची आणि मुलं जिन्यावरून घसरायची.

दोन वाजता आर्डिथ आपल्या स्वयंपाकघरात होती. ओटा लख्ख. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, ते तिला फार दिवसांनी ऐकू आलं. ती खुर्चीवर बसली आणि तिला रडूच फुटलं. जिंकलो की आपण, मग हे काय, असं स्वतःला रागावून ती अजूनच रडली.

लोवेल दारात उभा होता. टोपी हातात.

"सोळा नंबरचा कुठून आणलास?" त्याने विचारलं.

तिने झटकन डोळे पुसले. "कसला सोळा नंबर?"

"आर्डी. गंज मिठाचा आहे. मी चाटून पाहिला."

"तू गाडी चाटतोस?"

"आणि त्या बोल्टांना तांब्याची ग्रीस कुणी लावली होती असं वाटलं तुला? इतक्या वर्षांचे नट असे निघतात होय कधी? अगं, बापाच्या गॅरेजात काय शिकलीस?"

"तू लावलीस?" आर्डिथने विचारलं.

"मूळचा अठराचा होता," लोवेल टोपी फिरवत म्हणाला. "बरा चढायचा. एकवीसचा मी बसवला. शाळा बंद झाली त्याच्या पुढच्या वर्षी. तू बोलेनाशी झाली होतीस. मला नऊ दिवस चिली चालत होती गं, पण तू त्या पातेल्यापाशी बसायचीस ते मला बघवेना. जेवण आपल्याकडे आणायचं तर हरायला हवं. नुसता पाय उचलून हरलो तर डोरीनने ओळखलं असतं, मास्तरीण आहे ती. हरताना धूर निघायला हवा होता."

"अकरा वर्षं?" तिचा आवाज फाटला. "अकरा वर्षं तू मुद्दाम? आणि ते कान? लोक हसायचे तेव्हा तुझे कान लाल व्हायचे, मला वाटायचं, तुला लागतंय, माझा जीव तुटायचा रे मेल्या!"

"मी खोटं बोललो की कान लाल होतात. आपल्या लग्नापासून होतात."

तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि त्याला दोन सणसणीत हाणले. तिसरा मारता मारता थांबली. "म्हणून अर्ध्या चढावर पाय उचललास."

"हो."

"मग परत दाबलास कशाला?"

लोवेलने टोपी टेबलावर ठेवली. "तू वर उड्या मारत होतीस. मला काय माहीत तुला काय हवंय? वाटलं, हिला जिंकायचंय तर जिंकू. चाळीस वर्षांत तुला उडी मारताना बघितलं नव्हतं."

आर्डिथ स्टुलावर चढली आणि फळीवरचं चाळीस लिटरचं पातेलं दोन्ही हातांनी कवटाळून खाली घेतलं. ते एवढं जड का, हे लोवेलला कळेना. तिने झाकण काढलं, वर्तमानपत्र सोडलं आणि एकवीस नंबरचा शंख त्याच्या पुढ्यात आदळला.

"बघतोस काय? तुझी ती तांब्याची ग्रीस आण. उजेड आहे तोवर बसवून टाकू. आणि या वेळी नट मी आवळणार. तू फार ढिले ठेवतोस."

पुढच्या शरदात लोवेलचा पिकअप धुराचा डोंगर उठवत, कण्हत, सर्वांत शेवटी वर आला. वर्लिनने आपल्या हाताने त्याला घंटा बांधली आणि आनंदाच्या भरात लोवेलला मिठी मारली. डोरीनने घड्याळ पर्समध्ये टाकलं. "छान धूर निघाला हं, लोवेल," ती म्हणाली आणि आर्डिथकडे न बघता आपल्या गाडीत जाऊन बसली.

आणि आर्डिथ टपालपेटीला टेकून, कमरेवर हात ठेवून, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "आलं का परत माझ्याच बोकांडी! चाळीस माणसं! अगं, मी काय बाई आहे की खानावळ?"

तिचे कान लाल झाले होते की नाही, ते कुणी पाहिलं नाही. ती डोक्याला रुमाल बांधून आली होती.